उत्तरेकडची भिंत सुकत का नाही?

भामरागड परिसरात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या गावाजवळ एकत्र येतात. पर्लकोटेवरचा पूल पाण्याखाली गेला की शंभरावर गावांचा संपर्क तुटतो. पुराची बातमी होते, कारण पूर दिसतो. पूर ओसरल्यावर घराघरांत जे पाणी मागे राहतं, त्याची बातमी कुणी करत नाही. ते भिंतींच्या पोटात असतं. दिवाळीला पांढराशुभ्र चुना मारलेल्या भिंतीचे पोपडे संक्रांतीपर्यंत गळायला लागतात, कपड्यांच्या पेटीला कुबट वास येतो, अंथरुणाला गारठा राहतो. मग गवंडी येतो आणि म्हणतो, "काही नाही भाऊ, वॉटरप्रूफ पुट्टी मारून देतो." पुट्टी मारली जाते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच.

हा खर्च वाया जातो, कारण उपचार चुकीच्या बाजूला होतो. ओल खोलीच्या आत दिसते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा भिंतीच्या बाहेर, पायाशी असतं. जुन्या घरात, विशेषतः झाडांच्या सावलीतल्या घरात, आतून लावलेला रंग किंवा पुट्टी ती थांबवू शकत नाही. उलट भिंतीचा सुकण्याचा मार्गच बंद करते.

विटा-मातीच्या जुडाईचं, वर कवेलू असलेलं, चिंचेच्या किंवा मोहाच्या सावलीतलं एखादं जुनं घर घ्या. पावसाळा संपता संपता त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीजवळ आतून उभे राहा. जमिनीलगतचा हात-दीड हाताचा पट्टा गडद आणि हाताला गार लागेल. त्याच्या वर वीतभर रुंदीचा दुसरा पट्टा असेल. तिथला गिलावा फुगलेला, त्यावर कापसासारखी पांढरी लव आलेली. नखाने खरवडलं तर पीठ गळतं आणि जिभेला लावलं तर खारट लागतं. हा लोणा. त्याच्या वर भिंत एकदम कोरडी. आता त्याच खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे बघा. तिथे काळे-हिरवे ठिपके छताजवळ किंवा कपाटाच्या उंचीवर असतील आणि तिथे लोण्याचा मागमूस नसेल. एकाच भिंतीवर हे दोन वेगळे दोष आहेत. पहिला खालून चढणाऱ्या पाण्याचा, दुसरा हवेतल्या बाष्पाचा. दोन्हींवर एकच औषध चालत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

आधी खालून चढणाऱ्या ओलीचं पाहू. वीट, माती, चुना या सगळ्यांत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. दिव्याच्या वातीत तेल वर चढतं तसं या छिद्रांतून पाणी वर चढतं. छिद्र जितकं बारीक तितकं पाणी उंच जातं, हा नियम अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स ज्युरिन या इंग्रज डॉक्टरने मांडला. दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी साधारण १५ सेंटिमीटर चढतं, त्याच्या दहाव्या भागाच्या नळीत दीड मीटर. मग आपल्या भिंती छतापर्यंत ओल्या का होत नाहीत? कारण चढता चढता पाणी दोन्ही पृष्ठभागांवरून उडूनही जात असतं. पायाशी जितकं पाणी शिरतं आणि अंगावरून जितकं उडतं, त्यांचा जिथे मेळ बसतो तिथे ओलीची रेघ थांबते. बहुतेक घरांत ती तीन-चार फुटांच्या आत असते. हा हिशेब डोक्यात पक्का ठेवायला हवा, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. पायाशी येणारं पाणी कमी करा, किंवा भिंतीवरून उडणारं वाढवा. रेघ खाली येते. उडण्याचा मार्ग अडवला तर रेघ वर सरकते. चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतलेल्या घरांत दोन वर्षांनी ओल पाच फुटांवर दिसते, ती यामुळेच.

सावलीतल्या घरात हा हिशेब आधीच बिघडलेला असतो. भामरागड साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतच नाही. म्हणजे पाऊस थांबून भिंत सुकायची वेळ येते, तेव्हाच तिचं ऊन बंद होतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे जातो खरा, पण त्यातल्या निम्म्या काळात आभाळ भरलेलं असतं. त्यावर चिंचेचा घेर आला, भिंतीला टेकून सरपण रचलं, पानगळीचा थर जोत्याला लागून कुजत राहिला, की वाराही फिरत नाही. दक्षिणेची भिंत डिसेंबरात कोरडी ठणठणीत असते आणि त्याच घराची उत्तरेची भिंत फेब्रुवारीपर्यंत गार. घरात एकाच बाजूला ओल का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा एवढंच असतं.

आता लोणा. जमिनीतलं पाणी कोरं नसतं. त्यात मातीतले क्षार विरघळलेले असतात. भिंतीला लागून गुरं बांधली जात असतील, गोमूत्र आणि शेणाचं पाणी मुरत असेल, तर नायट्रेटही असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि गिलाव्याच्या आत स्फटिक होऊन फुगतात. त्या दाबाने गिलावा सुटतो, वीट भुसभुशीत होते. उत्तर हिंदुस्थानात नुनिया समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या अशाच मातीतून सोरा काढत आणि तो बंदुकीच्या दारूसाठी विकला जाई, इतका हा क्षार मुबलक असू शकतो.

या क्षारांचा आणखी एक गुण घरमालकाला माहीत असायला हवा. ते हवेतलं पाणी ओढतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी होतं; कॅल्शियम नायट्रेटला तर पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. भामरागडच्या पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे याच्या कितीतरी वर असते. म्हणून खालून येणारं पाणी पूर्ण थांबवलं तरी क्षाराने भरलेला जुना गिलावा दर पावसाळ्यात पुन्हा ओला दिसतो आणि माणूस समजतो की उपाय फसला. उपाय फसलेला नसतो. खारवलेला गिलावा काढायचा राहून गेलेला असतो.

बुरशीचं गणित वेगळं आहे. तिचे बीजाणू जंगलातल्या गावातच काय, कुठल्याही घरच्या हवेत कायम असतात. त्यांना रुजायला खाद्य लागतं, म्हणजे धूळ, डिंक, रंगातले सेंद्रिय घटक, लाकूड, कापड. आणि भिंतीलगतच्या हवेत सतत ८० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त आर्द्रता लागते. पाण्याचा थेंब दिसायलाच हवा असं नाही. खारट भिंत बहुतेक बुरशींना मानवत नाही, त्यामुळे लोणा आलेल्या पट्ट्यात काळे डाग कमी दिसतात आणि वरच्या, वरकरणी कोरड्या भागात जास्त. ऑगस्टमधल्या एखाद्या दिवशी खोलीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २५ अंशांच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. झाडाखालची उत्तरेची भिंत, तीही कपाटामागे वारा न लागणारी, सहज इतकी गार असते.

घरातलं बाष्पही आता पूर्वीपेक्षा जास्त अडकतं, आणि याचा विचार फारसा होत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला गॅस जळून संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं. चुलीतल्या लाकडातूनही पाणी निघायचं, पण ते धुरासोबत कवेलूंच्या फटींतून वर निघून जायचं आणि चुलीची ऊब भिंत, छप्पर सुकवायची. चूल गेली हे बायकांच्या आणि लेकरांच्या फुप्फुसांसाठी चांगलंच झालं, त्यात दुमत नको. पण चूल गेली, कवेलूंच्या जागी टिन किंवा स्लॅब आला आणि धूर निघायची वाट बंद झाली, तेव्हा वाफेलाही वाट उरली नाही. हिवाळ्यात पहाटे टिनाच्या पोटाला धरलेलं दव अंथरुणावर टपकतं, ते पावसाचं पाणी नसतं. रात्रभराच्या श्वासांचं आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाचं पाणी असतं. स्वयंपाकघरात छताजवळ हातभर लांबीची जाळीदार झडप आणि तिच्या समोरच्या भिंतीत खाली दुसरी, एवढ्याने बराच फरक पडतो.

ओल कुठून येते याची खातरजमा घरच्या घरी होते. भिंतीवरचा एक भाग पुसून पंख्याने सुकवा, त्यावर दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या अंगावर थेंब आले तर दोष हवेतल्या बाष्पाचा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. भिंतीतलं पाणी खालून चढलेलं की बाहेरून झिरपलेलं, हे डागाच्या आकारावरून कळतं. चढलेल्या ओलीची रेघ भिंतभर साधारण एका उंचीवर असते. पावसाच्या माऱ्याचा, फुटक्या कवेलूचा किंवा नळाच्या गळतीचा डाग वेडावाकडा असतो आणि पाऊस थांबल्यावर किंवा नळ बंद केल्यावर आक्रसतो. भिंतीला टोचून ओल मोजायची छोटी विजेवरची यंत्रं मिळतात, पण क्षार असलेल्या भिंतीत ती नेहमीच जास्त ओल दाखवतात. तेवढ्या आकड्यावर विसंबून हजारो रुपयांचं काम कुणी गळ्यात मारत असेल तर थांबावं.

इथलं जुनं कुडाचं घर या सगळ्याला कसं तोंड देत होतं ते बघण्यासारखं आहे. लाकडी खांब, बांबूच्या तट्ट्या, त्यांवर दोन्ही अंगांनी माती, शेण आणि तणसाचा लेप, उंच जोतं आणि भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आलेली वळचण. अशी भिंत हवेतलं पाणी पावसाळ्यात पोटात घेई आणि उन्हाळ्यात सोडून देई. शेणाने सारवलेली जमीनही श्वास घेणारी होती. जमिनीतली ओल खोलीभर पसरून थोडी थोडी उडून जाई. दर वर्षी सारवण आणि लिंपण करावं लागे, तो त्रास होताच, पण त्यातच दुरुस्तीही होऊन जाई. पांढऱ्या मातीचा हात फिरला की बारीक चिरा बुजत आणि पायथ्याचा झिजलेला भाग पुन्हा भरला जाई.

त्रास सुरू झाला तो अर्धवट बदलांनी. मातीची भिंत तशीच ठेवून तिच्यावर सिमेंटचा गिलावा, सारवलेल्या जमिनीवर टाइल्स, वळचण कापून आखूड टिन. टाइल्स बसल्या की जमिनीतून उडणारं पाणी कडेला सरकतं आणि भिंतीत चढतं. मातीवर सिमेंट नीट धरत नाही. दोघांच्या मध्ये पोकळी राहते आणि आतली माती चिखल होत असताना बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. मुसळधार पावसात अशी भिंत अचानक बसते तेव्हा घरातल्यांना आधी काहीच सूचना मिळालेली नसते. मातीच्या भिंतीवर सिमेंट लावू नये, हे मी विनंती म्हणून नाही, इशारा म्हणून लिहितो. पक्कं घर हवं असेल तर ते पायापासून पक्कं बांधा. मातीचं ठेवायचं असेल तर मातीच्या धर्माने ठेवा.

आता उपाय. सुरुवात फावड्याने, घराबाहेर. वर्षानुवर्षं अंगणात माती, राख, पाचोळा साचून बाहेरची जमीन जोत्याइतकी वर आलेली असते. काही घरांत ती आतल्या जमिनीपेक्षाही उंच असते. ती खणून निदान वीतभर खाली न्या आणि भिंतीपासून दूर उतार द्या. पागोळ्या जिथे पडतात तिथे जमीन उघडी असेल तर थेंब उसळून चिखल भिंतीवर दीड-दोन फूट उडतो. तिथे गिट्टीचा पट्टा टाकला तर उसळणं थांबतं. भिंतीलगत हातभर रुंद सिमेंटचा ओटा करायची पद्धत आहे. तो भिंतीला अगदी घट्ट जोडला आणि त्याला चीर गेली तर पाणी नेमकं पायातच उतरतं. जुन्या, डीपीसी (जोत्यातला ओल अडवणारा थर) नसलेल्या घराला मोकळ्या गिट्टीचा चर जास्त मानवतो. फूटभर रुंद आणि तेवढाच खोल चर, तळाला अंगणाच्या बाहेर जाणारा उतार, वर मोठी गिट्टी. मोठ्या दगडांमधल्या पोकळ्यांतून पाणी चढू शकत नाही आणि भिंतीच्या पायाला हवा लागते. चर पायाच्या तळाहून खाली मात्र जाऊ देऊ नका.

न्हाणीचं पाणी, भांडी घासायची जागा, गुरांचा खुंटा, शेणखताचा ढीग, हे सगळं त्या भिंतीपासून हलवा. सरपण भिंतीला टेकवून रचू नका. ओल धरलेल्या पायथ्याला सरपणातून उधई लागते आणि ती दाराच्या चौकटीपर्यंत पोचते. वळचण आखूड असेल तर ती वाढवणं हा पैसे खर्च करण्याजोगा पहिला बदल आहे, रंगाच्या कितीतरी आधी.

झाडाचं काय करायचं? तोडू नका. मोहा, चिंच, आंबा, साग, ऐन ही झाडं महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात आणि परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हे एक झालं. दुसरं, पारा चाळिशीच्या पार जातो तेव्हा त्याच सावलीने घर राहण्याजोगं होतं. आणि मोहाचं झाड म्हणजे इथल्या घराचं उत्पन्न. गरज असते ती खालच्या फांद्या छाटण्याची, म्हणजे जमिनीपासून दहा-बारा फुटांपर्यंत वारा मोकळा वाहील आणि सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन भिंतीच्या पायथ्यापर्यंत पोचेल. छपरावर टेकणारी फांदी मात्र काढाच. कवेलूंवरचा पाचोळा पाणी अडवतो, आणि जिथे पाणी अडतं तिथे ते आत शिरतं.

बाहेरचं काम झालं की मग गिलावा. ओलीची रेघ जिथे संपते तिच्या वर निदान दीड फूट जाऊन सगळा खारवलेला गिलावा उतरवा, सांधे अर्धा इंच उकरा आणि ती माती घराजवळ न टाकता लांब नेऊन टाका. भिंत उघडी ठेवा. कोरड्या ब्रशाने क्षार झाडत राहा. पाण्याने धुतलं तर ते पुन्हा आत शिरतात. भिंत सुकायला वेळ लागतो. थंड देशांतला ढोबळ अंदाज इंचाला एक महिना असा आहे. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या, तापलेल्या हवेत काम लवकर होतं, तरी अठरा इंची भिंत एका उन्हाळ्यात पूर्ण सुकेलच असं नाही. घाई करून तिच्यावर प्लास्टिक पेंट चढवला तर सगळी मेहनत मातीत जाते.

नवा गिलावा चुन्याचा असावा, शक्य तर सुरखी घातलेला. विटांची भुकटी चुन्याशी मिळून ओलीतही घट्ट होते आणि तरी वाफेला वाट देते. ही समज फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात सांगतो की ओलसर जागी जमिनीपासून तीन फुटांपर्यंत वाळूऐवजी विटांच्या भुकटीचा गिलावा करावा. आणि ओल फारच असेल तर आत दुसरी पातळ भिंत उभारून दोहोंमध्ये पोकळी ठेवावी, तिला वर-खाली हवेची भोकं ठेवावीत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या गवंड्यांनाही सुरखी ठाऊक होतीच. आज चुन्यात काम करणारा गवंडी शोधावा लागतो, पण चुना मिळतो. कळीचा चुना विरवताना तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा, लेकरांना दूर ठेवा.

रंगाच्या ठिकाणीही चुन्याचाच हात द्यावा. विरलेला चुना इतका अल्कधर्मी असतो की ताजा असताना त्यावर बुरशी तग धरत नाही. मात्र चुन्यात डिंक किंवा भाताची पेज घालायची जी रीत आहे, ती ओलसर भिंतीसाठी आवरती घ्यावी, कारण पेज हे बुरशीचं खाणं आहे. काही जण मीठही घालतात. ओलसर भिंतीवर मीठ तर नकोच.

शहरातले ठेकेदार इंजेक्शनचा उपाय सांगतात. भिंतीच्या पायथ्याच्या सांध्यात साधारण दहा-बारा सेंटिमीटर अंतरावर भोकं पाडून त्यांत सिलेन-सिलॉक्सेनची मलई भरतात; ती पसरून पाणी न चढणारा थर तयार होतो. चुन्याच्या किंवा सिमेंटच्या जुडाईच्या विटांच्या भिंतीत, नीट केलं तर, हा उपाय चालतो. मातीच्या जुडाईत आणि ओबडधोबड दगडी भिंतीत थर सलग होण्याची खात्री नसते, आणि भामरागडकडची जुनी घरं बहुतेक याच प्रकारची. तिथे हा पैसा गिट्टीच्या चरावर आणि वळचणीवर घालवणं शहाणपणाचं. नव्या घराला डीपीसी मात्र असलीच पाहिजे. जोत्याच्या पातळीवर ४० मिलिमीटर जाडीचा, जलरोधक मिसळलेला १:२:४ काँक्रीटचा सलग थर ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. पाया भरतानाच त्याचा खर्च किरकोळ असतो. घर उभं राहिल्यावर तो थर घालायचा म्हटला तर हात-दीड हात भिंत एका वेळी फोडून, आधार देत पुढे सरकावं लागतं आणि ते जाणकाराच्या देखरेखीखालीच करावं.

बुरशी साफ करताना ती कोरडी झाडू नका. झाडली की बीजाणू घरभर उडतात. नाका-तोंडाला घट्ट मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसणं, मग फडकं टाकून देणं, ही रीत. ब्लिचिंग पावडरने डाग पांढरा होतो, पण मुरलेल्या बुरशीपर्यंत ती पोचत नाही, आणि मेलेली बुरशीही दम्याच्या माणसाला त्रास देते. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीत जिवावर बेततो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. धानाच्या ढोल्या आणि मोहफुलांची पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या द्या. मका, शेंगदाण्यासारख्या धान्यावर धरणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला मारक विष तयार होतं आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही.

बुरशी हा फक्त घराच्या शोभेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी आणि दमा जास्त आढळतो, हे तिने स्पष्ट नोंदवलं. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक बाळ सतत बुरशीच्या संपर्कात राहिल्यामुळे दगावलं. २०२२ मधल्या चौकशीत ते सिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी घरमालक संस्थांना ठरावीक मुदतीत बुरशी दूर करायला लावणारी तरतूद कायद्यात आली. आपल्याकडे पावसाळाभर खोकणाऱ्या लेकराला घेऊन माणसं दवाखान्यात जातात, औषध घेतात आणि त्याच कोपऱ्यात त्याचं अंथरूण घालतात. ते अंथरूण आज कोरड्या भिंतीकडे हलवायला एक रुपयाही लागत नाही.

पुरात बुडालेल्या घरांबद्दल थोडं. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागड एकदा नव्हे, वारंवार पाण्याखाली गेलं, आणि त्यानंतरही तशी वेळ आली आहे. पाणी उतरल्यावर गाळ ओला असतानाच काढून धुवा. वाळला की तो भिंतीला धरतो. मातीची भिंत पोटाशी फुगलेली, कललेली दिसली तर आत झोपू नका. वीजजोडणी तपासल्याशिवाय सुरू करू नका. त्या वर्षी भिंतीला रंग देऊ नका, दिवाळी असली तरी. पातळ चुन्याचा एक हात पुरे. पुराने भिजलेली भिंत एक पूर्ण उन्हाळा मागते.

या कामाचं वेळापत्रक इथल्या वर्षात चांगलं बसतं. धानाची मळणी उरकली की जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरची माती उतरवणं, चर खणणं आणि फांद्या छाटणं होतं. फेब्रुवारीअखेर खारवलेला गिलावा काढून टाकावा. मार्च-एप्रिलमध्ये घरची माणसं मोहफुलांसाठी, मेमध्ये तेंदूपत्त्यासाठी रानात असतात. तोवर भिंत उघडी राहून वाळते. तेंदूचा हंगाम संपला की पाऊस येण्याआधी नवा गिलावा आणि चुना.

शेवटी एक मागणी घरकुलाची कामं पाहणाऱ्या अभियंत्यांकडे आणि ग्रामपंचायतींकडे. प्रधानमंत्री आवास आणि शबरी योजनेतून जंगलातल्या वस्त्यांमध्ये जी घरं उभी राहत आहेत, त्यांच्या मोजमापात चार गोष्टी तपासल्याशिवाय काम मान्य करू नका: सलग डीपीसी, भोवतालच्या जमिनीपासून निदान दीड फूट उंच जोतं, दोन फुटांची वळचण किंवा छज्जा आणि स्वयंपाकघरात छताजवळ हवा जायची वाट. लाभार्थी मंडळींनीही हप्त्याची सही करण्याआधी या चार गोष्टी स्वतः टेपने मोजून घ्याव्यात.